मातृवळण

आई नापास झाली तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होतो. यंत्र आपल्या नेहमीच्या सौजन्याने म्हणालं, "मातृवळण नाही. कृपया नष्ट करा." बिस्कीट तुटून तळाशी गेलं. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, कारण संकटात एवढंच करायचं असतं हे मला दोन पदव्या घेऊन कळलेलं आहे, आणि पानाचा दुसरा तुकडा आत सरकवला. यंत्राने तेच सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यातलं 'कृपया' जास्त लागलं.

ही आई म्हणजे केळीचं एक झाड. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण वेळेवर न सांगितल्यामुळे त्याच दिवशी माझ्या सख्ख्या आईला भुसावळच्या दवाखान्यात तपासणीसाठी रक्त द्यावं लागलं.

मी ओजस झोपे. आईवडिलांनी नावात तेज घातलं, पूर्वजांनी आडनावात ते विझवून ठेवलं होतं. मी एकूण पूर्वजांच्या बाजूने आहे. सावद्याजवळच्या एका प्रयोगशाळेत केळीची रोपं बाटलीत वाढवतात, तिथे मी ती तपासतो. परिसरात आम्हाला 'टिश्यूवाले' म्हणतात. नवीन पाहुण्यांना वाटतं आम्ही हात पुसायचे कागद बनवतो. काही जणांचा गैरसमज मी दूर केला नाही, कारण त्यानंतर ते पुढचे प्रश्न विचारत नाहीत.

काम सांगायला सोपं आहे. केळीच्या कंदाचा कोंब घ्यायचा, एकेक पदर सोलत आत जायचं आणि अगदी मधला, डाळीच्या दाण्याएवढा जिवंत गाभा काढून बाटलीत जेलीवर ठेवायचा. जेलीत साखर, क्षार आणि फुटवे आणणारं संप्रेरक असतं. काही आठवड्यांत गाभ्याला फुटवे येतात. ते सोडवून वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवले की त्यांनाही फुटवे येतात. असं करत एका कोंबातून हजारो रोपं तयार होतात, आणि ती सगळी त्या एकाच झाडाची. बी नाही, परागकण नाही, मधमाशी नाही, मध्यस्थ नाही.

अडचण एवढीच की पेशी दुभंगते तेव्हा दर वेळी आपल्या डीएनएची नक्कल उतरवते, आणि नक्कल उतरवणारा कोणीही असो, त्याला कधीतरी डुलकी लागते. एखादं अक्षर चुकतं. पुढची पेशी ती चूक मोठ्या इमानदारीने उतरवून घेते. बहुतेक चुका कुठल्यातरी अडगळीत होतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण चूक नको त्या जागी झाली, तर बाटलीत गोजिरं दिसणारं रोप शेतात गेल्यावर बुटकं राहतं, किंवा निसवतच नाही, म्हणजे त्याचा घडच बाहेर येत नाही. तोवर शेतकऱ्याचं वर्ष गेलेलं असतं.

म्हणून डीएनएवरच्या खुणा तपासायच्या. पूर्वी अशा मोजक्या जागा निवडून, तेवढ्याच तुकड्यांच्या प्रती वाढवून, त्या जेलमधून पळवून दिव्याखाली त्यांचे पट्टे बघत. आईचे पट्टे आणि रोपाचे पट्टे एका रेषेत आले की रोप आईचं. लग्नाच्या मांडवात लांबून नुसत्या चालीवरून 'हा चौधरींकडचा दिसतो' असं ओळखतात, तसंच ते. जवळ जाऊन कुणी त्याच्या पाठीवरचे तीळ मोजत नव्हतं.

मग मर रोग आला. जमिनीतून मुळात शिरणारी बुरशी. झाड उभ्या उभ्या पिवळं पडतं आणि वाकतं. तापीकाठच्या बागाच्या बागा गेल्या. त्या सगळ्यात डॉक्टर कुमुदिनी भंगाळे, म्हणजे आमच्या मॅडम, यांच्या घरामागे, न्हाणीच्या सांडपाण्यावर एक केळ टिकून होती. मॅडमच्या सासूबाई यमुनाबाई तिला रोज भांडी विसळल्याचं पाणी घालायच्या आणि तोडायला आलेल्या प्रत्येकाला हाकलायच्या. मॅडमनी तिचा कोंब आणला, बाटलीत वाढवला, मर लागलेल्या मातीत लावून बघितला. तो जगला. आता आमच्या पट्ट्यात केळ म्हणून जे काही उभं आहे ते बहुतेक त्या एका झाडाचं. वाणाचं नाव 'यमुना'. लोक बोलताना 'यंदा यमुना लावली' असं म्हणतात, जणू तीच सासूबाई शेताशेतात उभी आहे आणि कामं बघते आहे.

कुठलंही चांगलं रोप निघालं की त्याच्या मागे बनावट रोपं येतात, आणि त्यांच्या मागे कायदा येतो. कायद्याला शब्द लागतो. खात्याच्या भाषा समितीने बराच काळ चहा पिऊन 'मातृवळण' हा शब्द काढला. मुलगी आईच्या वळणावर गेली म्हणतात, त्यातलं वळण. प्रत्येक रोपाचं मातृवळण नोंदलेल्या मातृ-नमुन्याशी 'तंतोतंत' जुळलं पाहिजे, असं नियमात लिहिलं. तेव्हा खुणा मोजक्या होत्या, त्यामुळे तंतोतंत जुळणं अवघड नव्हतं. आमच्या कटिंग विभागातल्या बायका पास झालेल्या रोपाला 'वळणाचं' म्हणतात आणि नापास झालेल्याला 'वांड'. वांड रोपं ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा कुकर. त्यात घालायचं काम माझं.

त्या आठवड्यात खात्याने यंत्राला नवं सॉफ्टवेअर पाठवलं. आता ते मोजक्या खुणा न बघता डीएनए सगळाच्या सगळा, अक्षर न् अक्षर वाचू लागलं. नियमातला 'तंतोतंत' हा शब्द होता तिथेच होता. पहिल्या दिवशी सगळी रोपं वांड निघाली. सगळी म्हणजे सगळी. मॅडम म्हणाल्या, रोपं राहू दे, आईच लावून बघ. म्हणून मी आईचं पान लावलं होतं, आणि बिस्कीट तळाशी गेलं होतं.

मॅडम आल्या, त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, तिसऱ्यांदा ऐकलं. चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसला. त्यांच्या निवृत्तीला फार काळ राहिला नव्हता आणि तो त्यांना शांततेत घालवायचा होता, असं त्या अधूनमधून भिंतीला सांगत. निकाल खात्याकडे जायला माझा अंगठा लागतो. अंगठा लावू नकोस, त्या म्हणाल्या, आणि बाहेर कुठे बोलू नकोस, मला जरा विचार करू दे.

विचार करण्यासारखं होतं. आई नापास म्हणजे वाण स्थगित. वाण स्थगित म्हणजे वाढकक्षातल्या सगळ्या बाटल्या कुकरमध्ये, आई जाळायची, आणि लोकांनी यंदा पुन्हा जुनंच वाण लावायचं, त्याच रोगट मातीत. ते उभ्या उभ्या पिवळं पडणार हे लहान मुलाला पण माहीत आहे.

आमच्या लोकांना सावध करायला मी मोबाईलवर ग्रुपमध्ये लिहिलं: 'आईचा रिपोर्ट आला. खराब आहे. तीनदा बघितला. मॅडम म्हणतात तूर्त कुणाला सांगू नका. आईजवळ गर्दी करू नका, जाताना हात धुऊन जा.' प्रयोगशाळेच्या ग्रुपचं नाव 'आईची लेकरं' आहे. मी आणि माझी मोठी बहीण, आम्हा दोघांचा एक ग्रुप आहे, आईची औषधं आणि तिचे गुडघे या विषयांसाठी. त्याचं नाव 'आईची पोरं'. मेसेज पोरांत गेला.

माझी बहीण तेजल जळगावला त्याच खात्यात प्रमाणन अधिकारी आहे. मातृवळणाच्या दाखल्यावर शेवटची सही तिची असते. त्यांच्याकडे झाडाला आई म्हणत नाहीत, 'मातृ-नमुना क्रमांक अमुक' म्हणतात. त्यामुळे तिला मेसेजमधली आई एकच वाटली. ती मीटिंगमधून उठली, गाडी काढली, भुसावळला जाऊन आईला गच्चीवरून, वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांच्या मधून उचललं आणि थेट दवाखान्यात नेलं. आईला काहीच सांगितलं नाही. आईने आपल्यापुरतं ठरवलं की ताईचं नवऱ्याशी बिनसलंय आणि ती घाबरलीय, म्हणून आई गप्प बसून सुई टोचून घेत राहिली. दवाखान्याच्या पायरीवरून ताईने मला फोन केला.

"तुला कधी कळलं?" आवाज बसलेला होता. झालं, मला वाटलं. खात्याला कळलं होतं.

"आज सकाळी. तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलं ना. किती पसरलंय?"

"सगळीकडेच आहे ताई. मुळापासून."

"मॅडम काय म्हणतात? उपाय?"

"उपाय कसला. नियमाप्रमाणे जाळायचं."

"जिवंत?" ताईने विचारलं.

"मग? तुमचाच नियम आहे तो."

"ओज्या, तू काय बोलून राहिला?"

"मी पण थकलोय ताई. तिची पिल्लं आहेत, पण ती धरता येत नाहीत. ती पण तसलीच निघणार."

"म्हणजे आपल्या दोघांना पण आहे?"

इथे मला पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं. तेवढ्यात मागून माझ्या आईचा आवाज आला, अगदी ठणठणीत: "कोणाला जाळून राहिला तो? विचार त्याला." मी मोबाईल कानापासून लांब धरून ग्रुपचं नाव वाचलं. जगात काही वाक्यं अशी असतात की ती दुरुस्त करायला त्यांच्यापेक्षा मोठी वाक्यं लागतात. मी ताईला म्हणालो, आईला काही झालेलं नाही, नापास झाली ती केळ. आणि हे म्हणता म्हणता लक्षात आलं की जे कुणालाही सांगायचं नव्हतं ते मी प्रमाणन अधिकाऱ्याला, स्वतःच्या तोंडाने, दोनदा सांगितलं आहे.

ताईने फोन ठेवला नाही. ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मग तिने अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं, "कोणता नमुना?"

दुपारी त्या दोघी प्रयोगशाळेत आल्या. आईच्या कोपरात कापसाचा बोळा दाबलेला होता. कटिंगमधल्या बायकांनी तिला व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला आणि दोन मिनिटांत सगळी हकिकत काढून घेतली. त्यानंतर दर थोड्या वेळाने तिकडून हशा ऐकू येत होता. मी तिकडे गेलो नाही.

ताई मॅडमच्या खोलीत बसली. ती लहानपणी पत्ते खेळताना स्वतःच स्वतःची चोरी पकडायची आणि डाव सोडायची. तिला मेसेज आलाच नाही असं तिने समजावं, असं मी सुचवून पाहिलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून यंत्राशी जाऊन उभा राहिलो. मॅडमनी काहीच सुचवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की तुम्हाला जे करणं भाग आहे ते करा, फक्त आधी एकदा नीट बघा.

ताईने नीट बघितलं. आधी आईचं पान तिच्यासमोर लावायला लावलं. नापास. मग खात्याच्या सीलबंद पेटीतला, उणे ऐंशीला गोठवलेल्या एका पानाचा मूळ मातृ-नमुना मागवला. सगळी रोपं ज्याच्याशी जुळायची तो हा. त्या एकाच पानाचे दोन तुकडे तिने स्वतः कापले. एक तुकडा नमुना म्हणून ठेवला आणि दुसरा तपासायला दिला.

"मातृवळण नाही," यंत्र म्हणालं. "कृपया नष्ट करा."

यंत्राने पुढच्या नमुन्यासाठी दार उघडून ठेवलं.

ताईने मॅडमना विचारलं की एकच पान स्वतःसारखं कसं नाही. मॅडमनी जे सांगितलं ते आम्हाला कॉलेजात शिकवलेलं होतं, पण तेव्हा त्याने कुणाचं काही जळणार नव्हतं. पान कोट्यवधी पेशींचं असतं. प्रत्येक पेशी कुणाची तरी नक्कल, आणि प्रत्येक नकलेत एखादी डुलकी. पानाची डावी कड आणि उजवी कड यांच्यातही फरक असतो. "आधी आपल्याला दिसत नव्हता," मॅडम म्हणाल्या, "म्हणून आपण म्हणत होतो की नाही."

मग ताईला मूळ आई बघायची होती. आम्ही जाळीच्या शेडमध्ये गेलो. तिथे फळ्यावर 'मातृवृक्ष' लिहिलंय. केळ हा वृक्ष नाही, पण फळा खात्याने पाठवलेला आहे. ताईने विचारलं, तुम्ही सासूबाईंच्या न्हाणीवरून आणलेली ती हीच का. मॅडम म्हणाल्या, ती कुठली. केळ एकदाच निसवते, घड देते आणि संपते. तिच्या बुंध्याशी पील येतं, ते तिच्या जागी उभं राहतं. त्याचंही तसंच. ही त्या पिलाच्या पिलाच्या कितव्या पिलाची कोण, ते त्यांनाही आता सांगता येत नव्हतं. जो फुटवा त्या खड्ड्यात उभा असेल त्याला आम्ही आई म्हणतो. म्हणजे आई हे आमच्याकडे सरपंचासारखं पद आहे. माणूस बदलतो, खुर्ची तीच. नियम लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही त्यात काही सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं.

ताई त्या झाडाकडे बघत उभी राहिली. मी हळूच सांगितलं की रोगाला टिकवणारी खूण वेगळी तपासता येते. ती मी सकाळपासून सगळ्या रोपांत बघितली होती. आईत आहे, नमुन्यात आहे, एकूणएक वांड रोपांत आहे. जे बदललं होतं ते सगळं अडगळीतलं. ताई म्हणाली, ते मला समजतंय रे, पण नियमाला समजत नाही. खात्याला कळवलं तर समिती बसेल, 'तंतोतंत'च्या जागी दुसरा शब्द शोधेल. तोवर हा नियम आहे तसा, आणि बाटल्या आज आहेत. तिचा चेहरा मी इतका दमलेला कधी बघितला नव्हता. सकाळपासून तिने एक आई मरताना मनातल्या मनात बघितली होती आणि आता दुसरीला मारायचा कागद तिच्याच हाताने निघणार होता.

आई आमच्यामागून शेडमध्ये येऊन उभी होती. हात धुऊन आली होती. बायकांनी धुवायला लावले होते. तिने विचारलं, या बाईला झालंय तरी काय. मी सांगितलं, ती पूर्वीसारखी राहिली नाही आणि तिची पोरं तिच्यासारखी नाहीत.

आईने कोपरातला बोळा काढून बघितला, रक्त थांबलं होतं. "घ्या," ती म्हणाली. "हिला बघितलं की लोक मला म्हणतात, तेजल अगदी तुझ्यावर गेली. नाक, राग, सगळं. मी हो म्हणते. कोण बसतं सांगत. माझ्यासारखी होऊ नये म्हणून तर शिकवली हिला. एवढं करून माझ्यासारखीच निघाली असती तर मीच नापास केलं असतं."

ताईने तिच्या हातातून तो बोळा घेतला, टाकायला जागा शोधली, मिळाली नाही म्हणून आपल्या पर्समध्ये टाकला. मग तिथेच, बादलीच्या पालथ्या बुडावर बसून मोबाईलवर कायदा उघडला. पहिल्यापासून वाचायला लागली. अधिकारी झाल्यावर कायदा पहिल्यापासून वाचणारी ती बहुधा एकटीच असावी. आम्ही उभे राहिलो. आई कंटाळून परत खुर्चीकडे गेली.

बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, "नवीन वाणाला आई नसते."

मला वाटलं उन्हाने काही झालं. तिने कलम वाचून दाखवलं. जे रोप कोणत्याही नोंदलेल्या मातेच्या वळणाचं नाही आणि मर रोगाला टिकतं, ते नवीन वाण समजावं. नवीन वाणाला जुळवायला मातृ-नमुनाच नसतो, त्यामुळे आईसारखं असण्याची अट लागत नाही. फक्त एक नाव लागतं, पूर्वी कुणी न वापरलेलं. म्हणजे आमची प्रत्येक बाटली हे एक स्वतंत्र वाण. एका बाटलीतली रोपं एकाच फुटव्याची, तेवढी एकत्र धरायला कलमात मुभा होती. कुठलीही रोपं नष्ट करावी लागणार नव्हती. हसू येण्यासारखं होतं, पण ती हसली नाही, म्हणून मीही थांबलो. कारण कलमाला खाली एक उपकलम होतं. 'यमुना' वाण नोंदीत आहे तोवर ही सगळी रोपं यमुनाचीच वांड लेकरं ठरत होती, आणि वांड लेकरांची जागा कुकरमध्ये. आधी यमुना बंद व्हायला हवी होती. वाण ज्याने काढलं त्याने लिहून द्यायचं की असं वाण अस्तित्वात नाही.

ताईने हे मॅडमकडे न बघता सांगितलं. मॅडम शेडच्या टोकापर्यंत चालत गेल्या, एका पानावरचं वाळलेलं टोक मोडलं, परत आल्या. त्यांच्या आयुष्यात त्यांनी एवढं एकच काम केलं होतं, म्हणजे बाकीची कामं केली होती, पण लोकांच्या तोंडी राहिलेलं हेच. परदेशात व्याख्यानाला बोलावलं तेही यमुनासाठी. मी म्हणालो, मॅडम, घाई नाही. घाई होती, बाटल्यांतली जेली संपत आली होती आणि रोपं मातीत जायला हवी होती.

"असं वाण अस्तित्वात नाही," मॅडमनी वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. "खोटं पण नाही म्हणा. मीच म्हणत होते आहे म्हणून." मग ताईला विचारलं, "नाव सासूबाईंचं आहे. ते पुन्हा एखाद्या बाटलीला देता येईल?"

ताईने मान हलवली. पूर्वी वापरलेलं नाव चालत नाही.

मॅडम म्हणाल्या, "बरं," आणि अंगठा पुढे केला. ताईने मोबाईल धरला. अंगठा दोनदा लावावा लागला.

त्यानंतर आम्ही नावं ठेवायला लागलो.

काही हजार बाटल्या होत्या. सुरुवातीला मजा आली. खात्याचं पोर्टल नावात आकडे घेत नाही, त्यामुळे एक-दोन-तीन करून सुटका नव्हती. पहिल्या दिवशी नद्या संपल्या, मग मुली, मग फुलं. कटिंगमधल्या बायकांनी आपापल्या नणंदा दिल्या, त्यातल्या बऱ्याच पोर्टलने 'आक्षेपार्ह' म्हणून परत केल्या, कारण नावाबरोबर विशेषणं होती. मग भाज्या आल्या. 'भरीत' नावाचं केळीचं वाण आज अधिकृत आहे. 'बस चुकली' आहे. 'जरा सरका' आहे. 'मोठ्या वहिनी' आणि 'मोठ्या वहिनींची जाऊ' अशी दोन आहेत, आणि त्यांना शेतात शेजारी लावू नये असं एका बाईने मला बजावून सांगितलं. माझी आई फोनवरून पाळण्यातली सगळी नावं सांगायची, आणि प्रत्येक नावामागे कोण होतं, त्याचं पुढे काय झालं, तेही. त्यामुळे वेग मंदावला.

ताईला प्रत्येक नाव मंजूर करावं लागत होतं. वर्षानुवर्षं आम्ही सणावारीच भेटायचो. आता ती दिवसभर फोनवर असायची. वरिष्ठांनी तिला विचारलं की हा काय प्रकार आहे. तिने कलम दाखवलं. त्यांनी कलम वाचलं, तिच्याकडे बघितलं, आणि हे मला माहीत नाही असं समजा म्हणाले. तिने मला हे सांगताना हे वाक्य अगदी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. ती नकला करते हे मला माहीतच नव्हतं. एकदा तिने 'दुपारचं' हे नाव परत पाठवलं. कारण लिहिलं होतं, 'कल्पकतेचा अभाव'.

शेतकऱ्यांना समजावणं वेगळंच. ते विचारायचे, यमुना नाही का. मी सांगायचो, यमुना बंद झाली, आता 'जरा सरका' आहे. ते रोप उलटसुलट बघून म्हणायचे, ही तर यमुनाच. मी म्हणायचो, असं म्हणू नका, कायदेशीर त्रास होईल. मग ते हळू आवाजात म्हणायचे, बरं, यमुनाच द्या.

मॅडमनी एकाही बाटलीला नाव दिलं नाही. त्या रोज यायच्या, वाढकक्षात फिरायच्या, बाटल्या उजेडात धरून बघायच्या आणि जागच्या जागी ठेवायच्या. आम्ही नावांवरून हसायला लागलो की त्याही हसायच्या, पण उशिरा, दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यासारख्या.

शेवटच्या ट्रॉलीपर्यंत आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकही शब्द शिल्लक नव्हता. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या गोळ्या, शाळेतल्या मास्तरांची टोपणनावं, सगळं वापरून झालं होतं. मॅडम तिथे उभ्या होत्या. त्यांनी एक बाटली उचलली. आत तीन-चार रोपं होती, बाकीच्यांसारखीच, फक्त पानं जरा जास्त रुंद. रुंद पान म्हणजे काही चांगलं असू शकतं, किंवा तीच ती नको त्या जागची चूक असू शकते. बाटलीत कळत नाही.

मी म्हणालो, मॅडम, हिला तरी तुम्ही नाव द्या. पोर्टल रिकामी जागा घेत नाही.

त्यांनी ती बाटली खिडकीकडे धरली. एकीकडून बघितली, फिरवून दुसरीकडून बघितली. बाहेर गाडी लागली होती, बाटल्यांतली रोपं आता मातीत लावायला जाणार होती, आणि गाडीवाला दोनदा आत डोकावून गेला होता.

"काय निघेल ते मला काय माहीत," मॅडम म्हणाल्या. "आधी वाढू दे."

मी त्यातलं शेवटचं वाक्य तसंच टाइप केलं. पोर्टल थोडं फिरलं. असं नाव पूर्वी कुणी वापरलेलं नव्हतं. ताई जळगावला जेवत असावी, कारण मंजुरी यायला वेळ लागला, आणि आली तेव्हा तिने कारण विचारलं नव्हतं. वाण: आधी वाढू दे. नोंद झाली.

मी स्क्रीन मॅडमकडे वळवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते एकदा दाबून पाहिलं, आणि ती स्वतःच्या हाताने नेऊन गाडीत ठेवली.